ताट पाहून पेरा
मालवण किनाऱ्यावरील शेतकऱ्याच्या रोजच्या आहाराचा विचार

आमच्या किनाऱ्यावरील शेतकरी आपल्या माडाची जेवढी काळजी वाहतो, तेवढी क्वचितच दुसरा कोणी वाहत असेल. आळ्यात मीठ कधी टाकावे, राख किती घालावी, कोणत्या माडास पाणी कमी पडले, हे त्यास झावळीकडे नुसते पाहून समजते. व्यालेल्या म्हशीस पेंड किती वाढवावी आणि दूध आटू लागले म्हणजे ती किती कमी करावी, याचाही हिशेब त्याच्या तोंडी असतो. परंतु हाच मनुष्य जेवावयास बसला म्हणजे आपल्या ताटात काय आले आणि काय आले नाही, याचा हिशेब तो कधी करीत नाही. पोट भरले की जेवण झाले, एवढाच त्याचा समज. माडास जो न्याय तो माणसास नाही, ही गोष्ट चमत्कारिक खरी. पण ती घरोघरी दिसते. यास्तव प्रस्तुत लेखात आहाराचा विचार आम्ही वैद्याच्या नव्हे, तर शेतकऱ्याच्या दृष्टीने करण्याचे योजिले आहे.

घरचा अनुभव

दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखविण्यापेक्षा आमच्याच घरची गोष्ट सांगितलेली बरी. काही वर्षांपूर्वी आमच्या थोरल्या सूनबाईस सतत थकवा येऊ लागला. विहिरीच्या चार पायऱ्या चढतानाही तिला धाप लागे. लावणीचे दिवस, अंग मोडून जावयाचेच, असे म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. पुढे रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिनाचे प्रमाण दर डेसिलिटरमागे ८ ग्रॅमच्या आसपास निघाले. प्रौढ स्त्रीच्या रक्तात ते निदान १२ ग्रॅम असावयास पाहिजे. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि एक साधा प्रश्न विचारला, "ही जेवते काय?" या प्रश्नाचे उत्तर घरातील एकाही पुरुषास देता आले नाही.

त्या दिवसापासून आम्ही स्वयंपाकघरात एक पाटी टांगली आणि घरातील प्रत्येकाच्या ताटात काय पडते ते पंधरा दिवस लिहून ठेविले. पाटीने आमचे डोळे उघडले. सकाळी सर्वांस चहा आणि बेकरीचे बटर किंवा खारी. दुपारी भात आणि माशाची कढी. रात्री पुन्हा भात आणि दुपारचीच कढी. पालेभाजी पंधरा दिवसांत तीनदा, उसळ दोनदा, फळ एकदाही नाही. सूनबाईच्या नावापुढे तर मासळीच्या तुकडीची नोंद फारच थोडी होती. कारण ती सर्वांच्या मागून जेवी आणि तोपर्यंत भांड्याच्या तळाशी नुसती आमटी उरलेली असे.

याच काळात परड्यातील शेवग्याचा पाला गळून जमिनीवर पडत होता. गोकुळाष्टमीस आंबोळी आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर त्याची भाजी एकदा व्हावयाची, तेवढाच त्याचा उपयोग. कोंबड्यांची अंडी बाजारात जात. पपया पाखरे खात. कुळीथ पेरणे आम्ही परवडत नाही म्हणून कधीच सोडून दिले होते. म्हणजे औषध अंगणात आणि आजार घरात, अशी आमची अवस्था होती.

ही अवस्था आमच्या एकट्याची नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आढळल्या. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांत हेच प्रमाण ६८.९ टक्के होते. दुसऱ्या बाजूस, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहाय्याने झालेल्या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांत सर्वांत अधिक प्रमाण, २६.४ टक्के, तेरेखोलच्या खाडीपलीकडील आमच्या शेजारच्या गोव्यात निघाले. गोवेकरांचे आणि आमचे जेवण फारसे निराळे नाही. तेव्हा एकाच घरात सुनेस रक्त कमी आणि सासऱ्यास साखर जास्त, हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. दोहोंच्या मुळाशी पुष्कळ अंशी एकच कारण असते : ताटात भात फार आणि इतर जिन्नस फार थोडे.

समतोल म्हणजे काय?

समतोल आहार म्हणजे महागडा आहार नव्हे. ही गोष्ट आपल्याच देशात सुमारे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाली आहे. निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली बेरीबेरी रोगाच्या चौकशीचे काम सुरू केले; त्यातूनच पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. मॅकॅरिसन यांनी उंदरांचे गट करून त्यांस शीख, पठाण, मराठे, कानडी, बंगाली, मद्रासी अशा निरनिराळ्या लोकांचे जेवण घातले. पोळी, डाळ, दूध आणि ताजा भाजीपाला असलेल्या शिखांच्या जेवणावर उंदीर उत्तम वाढले. सडलेला पांढरा तांदूळच मुख्य आणि दूध-भाजी नाममात्र, अशा जेवणावरील उंदीर सर्वांत खुरटे राहिले. सर्वांची पोटे भरतच होती. फरक पडला तो जिनसांच्या वाटणीने.

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनात दोन हजार उष्मांकांच्या दिवसाच्या ताटाचे माप पुढीलप्रमाणे आहे. सर्व वजने कच्च्या जिनसांची आहेत.

धान्ये : २५० ग्रॅम
भाज्या (पालेभाज्या धरून) : ४०० ग्रॅम
फळे : १०० ग्रॅम
डाळी व कडधान्ये, अथवा त्यांच्या काही भागाऐवजी मासळी, अंडी, मांस : ८५ ग्रॅम
तेलबिया व कवचाची फळे : ३५ ग्रॅम
तेल, तूप : २७ ग्रॅम
दूध अथवा दही : ३०० मिलिलिटर

नांगर धरणाऱ्यास किंवा दिवसभर चिखलात लावणी करणारीस यापेक्षा अधिक अन्न लागेल, हे उघड आहे. परंतु प्रमाण ध्यानी घ्यावे. धान्याहून भाजीचे वजन अधिक आहे. आमच्याकडे याच्या नेमके उलट आहे. भाताचा डोंगर आणि कडेस भाजीची बोटभर रेघ. समतोल आणावयाचा तर भात सोडावयाचा नाही, त्याची जागा थोडी आकुंचित करून शेजाऱ्यांस जागा द्यावयाची, एवढाच याचा अर्थ.

पेजेचा गुण आणि तिची उणीव

जुने ते सर्व सोने, असे आम्ही म्हणत नाही. आणि जुने ते सर्व टाकाऊ, असेही नाही. उकड्या तांदळाची पेज हे याचे उत्तम उदाहरण होय. भात भिजवून, वाफवून, अंगणात वाळवून मग सडावयाचे, ही आमच्या आयाआज्यांची रीत. वाफवताना कोंड्यातील ब-१ जीवनसत्त्व दाण्याच्या आत शिरते, आणि त्यामुळे सडल्यानंतरही ते बऱ्याच अंशी टिकते. जावा बेटात ख्रिस्तियान एइकमन यांनी पांढऱ्या सडीव तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिल्याने त्या बऱ्या होतात, हे १८९० नंतरच्या दशकात दाखवून दिले. त्यांस १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मलायातही उकडा तांदूळ खाणारे तामिळ मजूर बेरीबेरीपासून वाचत आणि पांढरा तांदूळ खाणारे चिनी मजूर तीस बळी पडत, असा अनुभव होता. शिवाय पेजेत शिजलेले पाणी फेकले जात नाही, हा दुसरा लाभ. वेळून भात करणाऱ्या घरात पाण्याबरोबर सत्त्वही मोरीत जाते.

हा पेजेचा गुण झाला. आता उणीव. शंभर ग्रॅम तांदळात चुना, म्हणजे कॅल्शियम, दहा मिलिग्रॅमही नसतो; तेवढ्याच नाचणीत तो साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक असतो. तांदळात प्रथिने सात-आठ ग्रॅम. कुळथात बावीसच्या आसपास, आणि लोहही कितीतरी अधिक. म्हणून पेज एकटी पुरी पडत नाही. पूर्वी तिच्याबरोबर परड्यातील भाजी, खोबऱ्याची चटणी, भाजलेला सुका बांगडा असे काही ना काही येई. रात्री कुळथाची पिठी होई. वरकस जमिनीतली नाचणी भाकरीच्या रूपाने ताटात उतरे. ही संगत होती म्हणून पेज शोभली. संगत सुटली आणि पेजेची जागाही बटर-खारीने घेतली. मैदा, साखर, वनस्पती तूप यांपलीकडे त्या पुडीत फारसे काही नसते.

पूर्वीचे सर्व सुखाचे होते, असाही भ्रम नको. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी होई आणि पुष्कळ घरे कंदमुळांवर व पाल्यावर दिवस काढीत. त्या पाल्यास दारिद्र्याची खूण समजण्याची खोड तेव्हापासूनच लागली असावी. दारिद्र्य गेले ते चांगलेच झाले. परंतु त्याच्याबरोबर पालाही गेला, हे वाईट झाले.

वर्षाचे ताट

आमच्या भूमीत बारा महिने एकच ताट मिळत नाही. म्हणून समतोल हा रोजचा जसा, तसा वर्षाचाही पाहावा लागतो.

मृगापासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या खवळलेला. १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि श्रावणात पुष्कळ घरी मासळी वर्ज्य. या दिवसांत प्रथिनांचा भार कुळीथ, चवळी, वाटाणा, अंडी आणि दूध-दही यांवर पडावयास हवा. सृष्टीने भाजीची सोय मात्र आपण होऊन केलेली असते : टाकळा, कुर्डू, भारंगी, अळू, शेवग्याचा पाला, पुढे मांडवावरील पडवळ, दोडका, काकडी, भोपळा. शेवग्याच्या शंभर ग्रॅम पाल्यात चुना तीनशे मिलिग्रॅमहून अधिक असतो. अशी भाजी वर्षातून एकदा सणास करणे म्हणजे विहीर असून एकदाच घागर भरण्यासारखे आहे.

भाद्रपदानंतर दर्या शांत होतो आणि बांगडा, पेडवे, तारली भरपूर येतात. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुरमई आणि पापलेट हे पाहुण्यांचे मासे, बांगडा-पेडवे गरिबाचे, अशी प्रतवारी बाजाराने ठरविली आहे, शरीराने नव्हे. हृदयास हितकर अशी ओमेगा-३ स्निग्धे बांगडा, पेडवे, तारली यांत पापलेटापेक्षा अधिक असतात, आणि लहान मासा काट्यासकट खाल्ला तर चुनाही मिळतो. तिरफळे घालून केलेले बांगड्याचे तिखले आठवड्यातून दोन-तीनदा झाले तरी पुष्कळ. तळलेल्या तुकडीचा मोह मात्र सणापुरता ठेवावा.

हिवाळ्यात भात कापल्यावर ओलीवर पेरलेला कुळीथ व चवळी, पाटाच्या पाण्यावरील लाल माठ, मुळा, वाल, वांगी. शिमग्यानंतर काजू. काजूची बी आपण जपून विकतो आणि बोंडू झाडाखाली कुजू देतो. त्या बोंडवात क जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते. घशाला खवखवते म्हणून मुले टाळतात. फोडी करून मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवल्या तर ती तक्रार कमी होते. त्यामागून फणस, त्याच्या आठळ्या, आंबा, करवंदे, जांभळे. कोकमाची सोले व आमसुले वाळवून ठेवली की पुढील वर्षभर सोलकढीची किंवा नारळाविना फुट्या कढीची सोय होते.

पेऱ्याचा हिशेब

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. आहाराची सवय निश्चयाने लागत नाही; ती कोठारात जे असेल त्याने लागते. ज्या घरात कुळथाचे मडके भरलेले, त्या घरात आठवड्यातून चारदा पिठी किंवा उसळ होते. ज्या घरात तो दुकानातून पावशेर आणावयाचा, तेथे तो महिन्यातून एकदा शिजतो. म्हणून आधी ताट ठरवावे आणि मग पेरा ठरवावा.

पाच माणसांचे कुटुंब धरू. माणशी रोज ५० ग्रॅम नाचणी म्हटली तर दिवसास २५० ग्रॅम, वर्षास सुमारे ९१ किलो. गुंठ्यास १० किलो पीक धरले, तर नऊ-दहा गुंठे वरकस जमीन पुरते. कुळीथ, चवळी इत्यादी कडधान्य माणशी ६० ग्रॅम धरले तर दिवसास ३०० ग्रॅम, वर्षास सुमारे ११० किलो. गुंठ्यास ५ किलो पीक धरले, तर बावीस गुंठे. दोन्ही मिळून एक एकरही होत नाही. आणि त्यातील कडधान्य तर भात निघालेल्या मळ्यातच होते, त्यास निराळी जमीन लागत नाही. शिवाय त्याच्या मुळांवरील गाठींनी जमिनीस नत्र मिळते, तो लाभ पुढील भातास.

पालेभाजी माणशी १०० ग्रॅम म्हणजे घरास रोज अर्धा किलो. न्हाणीघराचे व भांडी घासल्याचे पाणी वळवून केळी, अळू आणि पपई लावावी. साबणाचे पाणी मात्र माठ-मुळ्याच्या वाफ्यात सोडू नये. माठाचे वाफे एकाच दिवशी न पेरता दर पंधरा दिवसांनी एकेक पेरावा, म्हणजे भाजीचा खंड पडत नाही. शेवग्याची दोन झाडे, एक लिंबू, एक आवळा, एक कढीलिंब, चार-पाच कोंबड्या. एवढी मंडळी परड्यात नांदली म्हणजे अर्धे ताट भरले.

"काजू-आंब्याने पैसा येतो, त्या पैशाने सर्व विकत घेता येईल," असे यावर कोणी म्हणेल. येईल खरे, परंतु घेतले जाते काय, हा प्रश्न आहे. आमच्या पाटीने त्याचे उत्तर दिले आहे. हातात पैसा येतो तो एका हंगामात; भाजी लागते रोज.

दुसरी अडचण अधिक खरी आहे. भात कापले की गुरे मोकळी सुटतात. एकट्याने पेरलेला कुळीथ त्यांच्या तोंडी जातो. माकडे आणि रानडुकरे यांचा उपद्रव निराळाच. यावर एकट्याचा उपाय चालत नाही. वाडीने एकत्र बसून, एक संपूर्ण मळा कुळथासाठी राखून, गुरे अमुक तिथीपर्यंत बांधावयाची, राखणीच्या पाळ्या लावावयाच्या, असे ठरविले तर ते होऊ शकते. भाताची लावणी आपण एकमेकांच्या हातांनी करतो. मग कुळथाची राखण का करू नये? आमच्या वाडीत पहिल्या वर्षी तीनच घरे तयार झाली आणि अर्धे पीक गुरांनी खाल्ले. दुसऱ्या वर्षी अकरा घरे झाली, तेव्हा पीक घरात आले.

सवय कशी लागते व कशी टिकते

पहिली गोष्ट : सर्व एकदम बदलू नये. एका महिन्यात एकच बदल करावा. आम्ही प्रथम सकाळचे बटर बंद करून नाचणीची आंबील किंवा उकड्या तांदळाची पेज सुरू केली. मुलांनी आठ दिवस तोंडे वाकडी केली. नवव्या दिवशी मागून घेतली. तो बदल अंगवळणी पडल्यावर दुसरा हाती घेतला.

दुसरी : नवी सवय जुन्या सवयीच्या खुंट्यास बांधावी. सोमवारी मासळी नाही, हे घरात ठरलेलेच असते. तेव्हा सोमवार हा उसळीचा वार ठरवावा. रात्री भांडी आवरताना मूठभर कडधान्य भिजत घालावयाचे, हे एकदा हातास लागले की उसळीची आठवण निराळी ठेवावी लागत नाही. कडधान्यास मोड आणल्याने व पीठ आंबविल्याने त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते, हाही लाभ.

तिसरी : जेवणावर लगेच चहा घेऊ नये. चहातील तुरट द्रव्य लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, आवळा, पेरू, कैरी यांतील क जीवनसत्त्व त्यास सहाय्य करते. पालेभाजीवर लिंबाची फोड पिळणे ही अत्यंत स्वस्त युक्ती होय.

चौथी : पाटी चालू ठेवावी. रोज नव्हे, दर महिन्याचा पहिला आठवडा पुरे. सवय ढिली पडू लागली की मनाच्या आधी पाटीस समजते. लग्नसराई, शिमगा, गणपती यांत घडी मोडणारच. सण संपताच ती पुन्हा बसविली म्हणजे झाले.

पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची : पंक्तीची रीत बदलावी. आमच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तेव्हा दोरीस हात लावणाऱ्या प्रत्येकास मासळीचा वाटा मिळतो. हा दर्यावरचा धर्म आहे. घराची रापण जी पहाटेपासून ओढते, तिच्या वाट्यास मात्र उरलेली आमटी! ताटातील जिनसांचा समतोल साधला आणि पंक्तीतील माणसांचा बिघडला, तर काय साधले? यास्तव एक तर सर्वांनी एकत्र बसावे, किंवा ते जमत नसेल तर वाढण्यापूर्वीच प्रत्येकाचा वाटा निराळा काढून ठेवावा. आमच्या घरी आता जेवण वाढण्याआधी सूनबाईचे ताट प्रथम भरून झाकले जाते. प्रारंभी तिलाच संकोच वाटला. सासूबाईंनीच तो मोडून काढिला.

काही सावधगिरीच्या सूचना

रक्तक्षय पुष्कळ झाला असता केवळ पाल्यावर विसंबू नये. तपासणी व गोळ्या अवश्य घ्याव्या. गोळीने रक्त वाढते, ताटाने ते टिकते, असा दोहोंचा संबंध आहे. मधुमेह्याने पेजही मोजून घ्यावी. ती पातळ दिसली तरी भातच आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास आहार वैद्याच्या सल्ल्यानेच ठरवावा.

दिवसाचे मीठ सर्व मिळून ५ ग्रॅमच्या आत असावे, म्हणजे चहाचा एक लहान चमचा. खारी मासळी, लोणचे आणि पापड एकाच ताटात आले तर हे माप तेथेच ओलांडते. सुका बांगडा भाजण्यापूर्वी पाण्यात भिजवून ते पाणी फेकून द्यावे. ओलसर किंवा बुरसटलेली सुकी मासळी कितीही मोलाची असली तरी खाऊ नये.

नारळ आमचा कल्पवृक्ष खरा. परंतु त्याच्या स्निग्धांशाचाही हिशेब तेलातच धरावा. वाटपात खोबरे भरपूर असेल त्या दिवशी तळण नको. रानभाजी ओळखीच्या जाणत्या बाईने खुडलेलीच शिजवावी, संशय आल्यास टाकून द्यावी. अळू नीट शिजवून, कोकम किंवा चिंच घालूनच खावे, नाही तर घसा धरतो.

शेवटी

सूनबाईच्या प्रकृतीचे काय झाले, हे विचारण्याचा वाचकांस अधिकार आहे. डॉक्टरांच्या गोळ्या सहा महिने चालल्या. ताट तेव्हापासून आजतागायत चालू आहे. वर्षाने रक्त पुन्हा तपासले तेव्हा प्रमाण बारावर आले होते. गोळ्या बंद झाल्यावरही ते खाली आले नाही. विहिरीच्या पायऱ्या ती आता भरल्या घागरीनिशी चढते. इतकेच की दुसरी घागर आता तिचा नवरा आणतो.

येत्या मृगापूर्वी बियाण्याची जुळवाजुळव करताना प्रत्येक शेतकऱ्याने एक संध्याकाळ काढावी, घरच्या स्त्रियांस जवळ बसवावे, आणि वर्षभर आपण काय खाणार हे आधी विचारून मग कोणते शेत कशासाठी राखावयाचे ते ठरवावे. पेऱ्याचा बेत आजवर पुरुषांनी ओटीवर बसून केला. तो एकदा चुलीजवळ बसून करून पाहावा. ज्यांच्या वाडीत कुळथाच्या राखणीची व्यवस्था बसेल, त्यांनी आपला अनुभव, साधला असो वा फसला असो, अवश्य लिहून कळवावा. फसलेला प्रयोगही दुसऱ्याचे एक वर्ष वाचवितो.